चाल बिघडते तेव्हा

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्याला वळसा घालून पेनगंगेकडे उतरतो. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं ठाणं. जवळच केळापूरची जगदंबा आहे, पलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे आणि चहूकडे कपाशीची काळी जमीन. वाघ आणि कापूस या दोन गोष्टींसाठी हा भाग आज ओळखला जातो. पण मराठी घोड्याच्या इतिहासातलं एक दुखरं पानही इथंच लिहिलं गेलं आहे.

१७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळच्या शिवणी इथं दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या फौजेवर इंग्रजांचा कर्नल ॲडम्स हिंगणघाटकडून येऊन आदळला. या युद्धाला तोंड फुटलं ती खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. तेव्हापासून पेशव्यांचं घोडदळ जवळजवळ सतत चालत होतं. पुण्याहून दक्षिणेकडे, तिथून उत्तरेला, मग कोरेगाव, पुन्हा दक्षिण. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. त्यानंतर गोदावरी ओलांडून नागपूरकर भोसल्यांच्या आशेनं फौज चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दिशेनं निघाली आणि वाटेत शिवणीला गाठली गेली. तिथं तोफा गेल्या, उंट गेले आणि उरलेसुरले स्वार वाट फुटेल तिकडे पांगले. ३ जून १८१८ ला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

या पाच महिन्यांच्या वणवणीत घोड्यांच्या पायांचं काय झालं असेल, याचा विचार इतिहास वाचताना सहसा होत नाही. दख्खनचा खडक, नद्यांची वाळू, वैशाखाच्या तोंडाला भेगाळलेली काळी जमीन, अपुरा दाणा, वेळेवर न बदललेले नाल आणि पाठीवर स्वार. मराठी फौजेत बारगिराला सरकारी घोडं मिळे, शिलेदार मात्र स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येई. नालबंदी म्हणून त्याला आगाऊ रक्कम मिळे खरी, पण घोडं लंगडं झालं की त्याची चाकरी, त्याचा मान आणि घरची पुंजी एकाच दिवशी जाई. माघार घेणाऱ्या शिलेदाराला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या घोड्याचे पाय पाहायला हवेत.

ही गोष्ट छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारात किती नीट समजलेली होती, याचा पुरावा चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेल्या प्रसिद्ध पत्रात आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि वैरण आधीच उधळलीत, तर पुढं घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्या पत्राचा रोख आहे. घोड्याचं आरोग्य आजारपणात ठरत नाही, त्याच्या आधीच्या रोजच्या व्यवस्थेत ठरतं, हा त्यातला विचार. घोड्याच्या लंगडण्याबद्दल मला जे सांगायचं आहे, तेही हेच आहे. लंगडणं एका दिवसात दिसतं, पण ते घडत असतं कित्येक महिने. ते टाळायचं तर त्याच महिन्यांत टाळावं लागतं.

एका बोटावर उभं जनावर

घोड्याचा पाय समजून घ्यायला आपलाच हात टेबलावर ठेवून पाहावा. सगळी बोटं दुमडून फक्त मधलं बोट टेकवायचं, तेही नखाच्या टोकावर. घोडा असा उभा असतो. त्याचा खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर मनगट आहे. मागच्या पायाचा मागं टोक काढलेला मधला सांधा म्हणजे घोटा आणि टाच. खरा गुडघा मागच्या पायात, वर पोटाला लागून असतो.

या मनगटाच्या आणि घोट्याच्या खाली जवळजवळ स्नायू नाहीत. तिथं आहेत हाडं, सांधे, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि कातडी. म्हणून पाय हलका राहतो आणि घोडा वेगानं धावतो. पण त्याच कारणानं त्या भागात जखम सोसायला मांस नाही आणि भरून यायला पुरेसा रक्तपुरवठा नाही. उभ्या घोड्याचं साधारण साठ ते पासष्ट टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. भरधाव धावताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. चारशे किलोचं जनावर असेल तर हजार किलो, तेही तळहाताएवढ्या खुरावर.

सांध्याच्या आत हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये चिकट द्रव. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणून ती झिजायला लागते तेव्हा घोड्याला काही कळत नाही आणि मालकालाही नाही. झीज हाडापर्यंत किंवा सांध्याच्या आवरणापर्यंत पोचली की सूज येते आणि मग दुखतं. झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. घोट्याच्या खालच्या सांध्यांत आणि खुराच्या लगत वर असलेल्या सांध्यांत हाड वाढून ते जखडतात, हा म्हाताऱ्या आणि राबलेल्या घोड्यांचा नेहमीचा आजार आहे.

मान बोलते

लंगडा पाय ओळखणं सोपं वाटतं, पण चुकीचा पाय धरून उपचार झाल्याची उदाहरणं कमी नसतात. त्यासाठी घोड्याला कडक, सपाट जमिनीवर, सैल दोरीनं सरळ रेषेत दुडक्या चालीनं चालवायचं. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताच घोडं मान वर उचलतं आणि चांगला पाय टेकला की मान खाली येते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. दोरी आवळून धरली तर मान हलायला जागा राहत नाही आणि दुखणं लपून जातं.

त्यानंतर पशुवैद्य खुरापासून सुरुवात करतात, कारण पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुधा खुरातच सापडतं. चिमट्यासारख्या साधनानं खूर ठिकठिकाणी दाबून दुखरी जागा शोधतात. सांधा मिनिटभर दुमडून धरतात आणि लगेच पळवून पाहतात. तरीही कळलं नाही तर एकेका नसेला बधिर करत खालून वर जातात. जी नस बधिर केल्यावर लंगडणं थांबतं, तिच्या टापूत दुखणं. एक्स-रे आणि सोनोग्राफी त्यानंतर.

घोडं ओरडत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याच्या जातीला दुखणं लपवणं हाच जगण्याचा मार्ग होता. पण चेहरा बोलतो. मागं वळलेले ताठ कान, डोळ्यावर ओढली गेलेली पापणी, आवळलेलं तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या. इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकारानं २०१४ साली अशा खुणांवरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या जुन्या मोतद्दारांना ही भाषा कागदाशिवाय येत होती. आपल्या देशात शालिहोत्राच्या नावानं अश्ववैद्यकाची परंपरा चालत आली ती अशाच निरीक्षणावर उभी राहिली.

वरात, डांबर आणि नाल

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ साली ती सव्वासहा लाख होती. टांगे गेले, ओझी ट्रकवर गेली. महाराष्ट्रात घोडा आता दिसतो तो शर्यतीच्या मैदानावर, माथेरानच्या लाल मातीत, सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या बाजारात, धनगरांच्या वाड्याबरोबर आणि वरातीत. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली ती अलीकडे. विदर्भाच्या छोट्या शहरांतून घोडं जगतं ते मुख्यतः लग्नसराईवर.

वरातीच्या घोडीचं काम बाहेरून हलकं दिसतं. प्रत्यक्षात तिला तासन् तास डांबरावर उभं राहावं लागतं, गर्दीत अडखळत चालावं लागतं आणि वाजंत्री सुरू झाली की पुढचे पाय उचलून नाचावं लागतं. नाचताना वजन मागच्या घोट्यांवर आणि गुडघ्यांवर येतं, तेही कडक रस्त्यावर. यवतमाळ जिल्ह्यात लग्नांचा मोसम म्हणजे एप्रिल-मे. पारा पंचेचाळीसला भिडतो तेव्हा डांबराची उष्णता खुराच्या तळाला लागते आणि घामावाटे क्षार जाऊन स्नायू आखडतात.

नाल हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. नाल ठोकलेला असल्यामुळं तो झिजत नाही, पुढं लांबत जातो. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून, पुन्हा ठोकायला हवा. नाल अजून घट्ट आहे, मग कशाला खर्च, असं म्हणून दोन-तीन महिने ओढले की खुराचा पुढचा भाग लांब होतो, टाच बसते आणि प्रत्येक पावलाला मागचा स्नायुबंध ताणला जातो. हा स्नायुबंध एकदा तुटला की भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं आणि भरल्यावरही पूर्वीची लवचीकता येत नाही.

अचानक, रात्रीतून तीन पायांवर आलेलं घोडं पाहून मालकाला हाड मोडल्याची भीती वाटते. बहुतेकदा कारण असतं खुरात भरलेला पू. ठोकताना खिळा आतल्या जिवंत भागात गेलेला असतो किंवा रस्त्यावरची चूक रुतलेली असते. वाट करून पू काढला की दुसऱ्या दिवशी घोडं पाय टेकतं. पण इथं एक गोष्ट विसरून चालत नाही. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक पाळीव जनावर दुसरं नाही. खिळ्याच्या जखमेबरोबर धनुर्वाताची लस हवीच.

काळी जमीन पावसाळ्यात आणखी त्रास देते. चिखलात खूर भिजून मऊ पडतो, तळ सडतो. उन्हाळ्यात तोच खूर कोरडा होऊन तडकतो. रोज संध्याकाळी खूर उचलून, खरवडून, कोरडा करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. औषधाच्या कोणत्याही बाटलीपेक्षा ते मोलाचं आहे.

कोंडा, हरभरा आणि पाणी

घोड्याला हरभरा आणि गव्हाचा कोंडा घालणं म्हणजे लाड, अशी आपल्याकडची समजूत आहे. हाडांच्या दृष्टीनं हा लाड महागात पडतो. घोड्याच्या आहारात स्फुरदापेक्षा चुना (कॅल्शियम) जास्त लागतो, साधारण दीडपट ते दुप्पट. कोंड्यात हे प्रमाण उलटं असतं, स्फुरद चुन्याच्या कितीतरी पट. महिनोन् महिने कोंड्यावर ठेवलेलं घोडं रक्तातला चुना टिकवण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून तो काढून घेतं. चाल आखूड होते, आज एक पाय तर उद्या दुसरा लंगडतो, जबड्याची हाडं सुजतात. युरोपात पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांमध्ये हा आजार पूर्वी सर्रास दिसे. संकरित नेपिअरसारख्या काही हिरव्या गवतांमधलं ऑक्झॅलेटही चुना अडवतं. उपाय साधा आहे. मुख्य अन्न चांगली कोरडी वैरण, कोंडा अगदी थोडा, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानं चुना व क्षारमिश्रण.

धान्याचा अतिरेक आणखी एका मार्गानं पायावर येतो. धान्याच्या पोत्यात तोंड घालून घोड्यानं पोटभर खाल्लं की आतड्यातले जंतू बिघडतात आणि खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पडदे सुजतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. घोडं पुढचे पाय पुढं रोवून, मागं रेलून उभं राहतं. वेळीच खूर बर्फानं गार केले आणि उपचार मिळाले तर वाचतं, नाहीतर आतलं हाड फिरतं. एका पायाला इजा झाली आणि सगळा भार दुसऱ्यावर राहिला तर त्या चांगल्या पायालाही हाच आजार होतो. २००६ ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बरो दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मागचा पाय मोडून बसला. अमेरिकेतली उत्तमोत्तम शस्त्रक्रिया झाली, हाड जुळत आलं, पण लॅमिनायटिसनं बाकीचे पाय घेतले आणि २९ जानेवारी २००७ ला त्याला वेदनामुक्त मरण द्यावं लागलं. पैसा आणि विज्ञान दोन्ही हात जोडून उभे असताना जे वाचलं नाही, ते आपल्या गोठ्यात उशिरा सुरू केलेल्या उपचारानं कसं वाचेल?

केळापूरच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात घ्यायलाच हवं, ते म्हणजे पाणी. पांढरकवडा परिसरासह यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण पट्ट्यातल्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं अभ्यासांतून नोंदलं गेलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. त्यापुढं वर्षानुवर्षं पाणी पोटात गेलं की दात पिवळे-तपकिरी होतात, हाडं जाड आणि ठिसूळ होतात आणि सांधे जखडतात. माणसाचं हे दुखणं आता बऱ्यापैकी माहीत आहे आणि गावोगाव शुद्ध पाण्याची यंत्रं बसली आहेत. पण गोठ्यातल्या टाक्यात पाणी येतं ते बोअरचंच. घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पितं, उन्हाळ्यात बैल त्याहून जास्त. राजस्थानात डॉ. शांतिलाल चौबीसा यांनी गायी-म्हशी, उंट, गाढवं आणि घोडे यांच्यातल्या फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडनं होणाऱ्या याच दुखण्याच्या, नोंदी वर्षानुवर्षं केल्या आहेत. डाग पडलेले दात, हाडांवर आलेल्या गाठी, ताठर चाल आणि लंगडणं या त्याच्या खुणा. या पट्ट्यातलं जनावर कारण नसताना आखडत असेल, तर आधी त्याचं तोंड उघडून दात पाहावेत आणि बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. तलावाचं, नाल्याचं, साठवलेल्या पावसाचं पाणी बहुधा बरं असतं. चुन्याचा पुरवठा नीट असला तर फ्लोराइडचं शोषण कमी होतं.

हे सगळं घोड्यापुरतं नाही. तालुक्याचं खरं ओढीचं जनावर बैल आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे हळद-लोण्यानं मळतो, ही आपल्या संस्कृतीतली सुंदर गोष्ट आहे. तेवढ्याच मायेनं त्याचे खूर आणि गुडघेही हाताखालून जायला हवेत. बैलाच्या मागच्या गुडघ्याची वाटी अडकून पाय मागं ताणला जातो आणि झटक्यानं सुटतो, हे आपल्याकडं पुष्कळदा दिसतं. एका छोट्या शस्त्रक्रियेनं, तीही गोठ्यातच, ते बरं होतं. माहिती नसल्यामुळं असा तरणा बैल बाजारात जातो.

बिब्बा, डागणी आणि इंजेक्शन

सुजलेल्या सांध्याला बिब्ब्याचं तेल लावणं किंवा लालबुंद सळईनं डाग देणं हे खेड्यांत अजून चालतं. त्यामागं द्वेष नाही, जनावर वाचावं अशीच धडपड आहे. डागलेल्या घोड्याला पुढं आराम पडलेलाही दिसतो, कारण जखमेमुळं त्याला काही आठवडे कामाला जुंपता येत नाही. बरं करते ती विश्रांती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात स्नायुबंधांच्या इजेवर झालेला सविस्तर अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. डागण्यानं स्नायुबंध लवकर किंवा चांगला भरत नाही, असं त्यात दिसलं. मग जनावराला भाजण्याऐवजी तेवढेच आठवडे मोकळं बांधावं, थंड पाण्याची धार धरावी, पट्टी बांधावी आणि मग हळूहळू चालवावं.

दुसरं टोक वेदनाशामक इंजेक्शनाचं आहे. दुखणं दाबून घोडीला वरातीत उभी केली की तिचा पाय तिला थांबवणारा इशाराच देत नाही आणि त्या रात्री सांधा आणखी झिजतो. इंजेक्शन घ्यावं ते विश्रांतीसोबत, विश्रांतीच्या बदल्यात नाही.

औषध कोणतं, हाही प्रश्न आहे. लंगड्या जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशातली गिधाडं लाखोंनी मेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली ती बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. टिपेश्वरच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायलाच हवं. आपल्या बैलाच्या गुडघ्यातलं इंजेक्शन जंगलाच्या अन्नसाखळीत उतरतं.

कायदा आहे, दवाखाना आहे

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार आजारी, जखमी किंवा अशक्त जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. आपल्याकडं मार्च ते जून जवळजवळ रोज हा नियम लागू होतो. पोलीस आणि न्यायालयापेक्षा हा नियम मालक, वाजंत्री आणि लग्नघर यांनी मिळून पाळायचा आहे. मुहूर्त संध्याकाळचा धरला, घोडीच्या दोन वरातींत एक दिवस मोकळा ठेवला आणि नवरदेवाशिवाय आणखी कोणी तिच्या पाठीवर बसलं नाही, तर कोणाचंच काही बिघडत नाही.

उपचाराची सोयही आता पूर्वीसारखी दुर्मीळ नाही. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. गुंतागुंतीच्या सांध्याला नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. १९५८ पासून ते विदर्भाची सेवा करतं आहे, आणि पांढरकवड्याहून ते सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर आहे. मात्र घोडं तिथं न्यायचं तर पहिल्या आठवड्यात न्यावं. चार महिने बिब्बा लावून, मग डाग देऊन, मग इंजेक्शन देऊन झाल्यावर नेलं तर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही.

शिवणीच्या लढाईला दोनशेहून अधिक वर्षं झाली. आपण घोड्यांना पुतळ्यांत आणि पोवाड्यांत मोठा मान दिला. तो मान आता जिवंत घोड्याच्या पायापर्यंत पोचायला हवा. केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात दूरदूरहून माणसं येतात. तिथंच दोन दिवस नालबंद, पशुवैद्य आणि पाणी तपासणारं पथक बसलं, येणाऱ्या प्रत्येक घोड्याची आणि बैलाची चाल, खूर, दात पाहिले, धनुर्वाताची लस दिली, तर एका वर्षात तालुक्यातल्या जनावरांच्या पायांची खरी नोंद तयार होईल. त्याला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. पंचायत समितीनं ठरवलं आणि चार तरुणांनी मनावर घेतलं की पुरे. तोवर घोडं किंवा बैल बाळगणाऱ्या प्रत्येकानं एक काम आजपासून करावं. संध्याकाळी जनावर बांधण्याआधी चारही पाय हातानं चाचपावेत. कुठं ऊब लागली, सूज लागली, चाल आखूड वाटली, तर दुसऱ्या दिवशी ते जनावर कामाला काढू नये.